आरजे गाणं निवडतो का?

नागपुरात हुडकेश्वर रोडवरून म्हाळगीनगर चौकाकडे निघालेल्या ऑटोत सकाळी एफएमवर रॅप लागलं, की वाटतं आरजेच्या मनात आलं आणि त्यानं लावलं. सहसा तसं नसतं. खासगी केंद्रांवर म्युझिक मॅनेजर लॉग (तासागणिक गाणी-जाहिरातींचा क्रम) संगणकावर आधीच लावून ठेवतो. पंगतीत वाढपी आग्रह करतो, पण जेवणाचा बेत यजमानानं ठरवलेला असतो. आरजेचं काम वाढप्याचं, आणि ते सोपं नाही. रॅपला एक जादा अट आहे. खासगी एफएमलाही आकाशवाणीची कार्यक्रम-संहिता लागू असल्यानं रेडिओ एडिट (शिव्या गाळलेली आवृत्ती) वाजवतात. आणि फर्माईश? श्रोत्याचा फोन बरेचदा आधी रेकॉर्ड करतात, काटछाट करतात आणि यादीत असलेल्याच गाण्याच्या तोंडाशी बसवतात.