स्लायडिंग दार अडलंय? आपटू नका, आधी तीन जागा बघा

आजचा भाग गाडीच्या दाराबद्दल आहे. कॅम्पर व्हॅनचं ते बाजूला सरकणारं दार. ऐकताना गाडीजवळ असाल तर अजून छान, मोबाइल खिशात ठेवा आणि एकेक गोष्ट बघत चला.

आधी आमची फजिती सांगते. पावसाळ्यात कऱ्हाडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला निघालो होतो. मी, दादा, वहिनी आणि त्यांची चार वर्षांची लेक. गाडी म्हणजे जुनी, सेकंडहँड व्हॅन. मागच्या सामानाच्या जागेत प्लायचा फोल्डिंगचा बेड, एक छोटं कपाट, गॅसची शेगडी. सगळं आम्हीच सुट्टीत बसवलेलं.

घाटमाथ्यावर चहाला थांबलो आणि निघताना दार बंद होईना. दादाने एकदा आपटलं, दोनदा आपटलं. तिसऱ्यांदा धाडकन बसलं. आम्ही खूश! दोन वळणं गेली आणि पोरगी म्हणाली, "आत्या, वारा येतोय." बघते तर दार बोटभर बाहेर आणि ती त्याच बाजूला बसलेली. गाडी कडेला घेतली, तिला पलीकडच्या सीटवर बसवलं, बेल्ट लावला, दार आतून पट्ट्याने आवळून बांधलं आणि हळूहळू उतरून पहिलं गॅरेज गाठलं.

मेस्त्रींनी बॅटरी मारली आणि खालच्या पट्टीतून चिंचोक्याएवढा खडा काढून हातावर ठेवला. म्हणाले, "ताई, दोन मिनिटांचं काम होतं. बाकीचं काम तुमच्या आपटण्याने वाढवलंय." आपटून आपटून खांबावरची कडी जागची सरकली होती.

म्हणून आजचा मुद्दा एकच: सरकतं दार अडलं की जोर लावायचा नाही, कुठे अडलंय ते शोधायचं.

दार टांगलंय कशावर?

साधं दार बिजागरीवर फिरतं. सरकतं दार तीन पट्ट्यांवर चालतं. एक वर, छताच्या कडेला आतून. एक खाली, पायरीजवळ. तिसरी मधली, गाडीच्या बाहेरच्या अंगाला, दाराच्या मागे आडवी दिसते ती. प्रत्येक पट्टीत दाराचा एक हात जातो आणि त्याच्या टोकाला रोलर असतो. बहुतेक गाड्यांत वजन खालचा आणि मधला रोलर पेलतात. वरचा रोलर दाराला सरळ उभं धरतो.

पट्ट्या पुढच्या टोकाला आत वळलेल्या असतात. त्यामुळे दार आधी पुढे सरकतं आणि शेवटच्या वीतभर अंतरात आत शिरून रबरावर दाबलं जातं. बहुतेक तक्रारी या वीतभरातच होतात.

ही रचना जुनी आहे. फोक्सवॅगनच्या प्रसिद्ध व्हॅनची दुसरी पिढी १९६७ साली आली, तेव्हा सरकतं दार तिच्यात नेहमीचं झालं. आपल्याकडे १९८४ साली मारुतीची व्हॅन आली, पुढे तिला ओम्नी म्हणू लागले आणि २०१९ पर्यंत ती बनत होती. तुमच्यापैकी कितीतरी जण त्याच दारातून शाळेत गेले असतील.

लक्षण बघा, जागा ओळखा

गाडी आधी सपाट जागेवर लावा. एक चाक दगडावर किंवा खड्ड्यात असेल तर बॉडीला थोडा पीळ बसतो आणि चांगलं दारही अडतं. कॅम्पिंगच्या जागी अडणारं दार रस्त्यावर आल्यावर नीट चालत असेल, तर दुरुस्तीची गरजच नाही.

आता दार हळू, दोन बोटांनी सरकवा आणि कान द्या.

- मधेच एका ठरावीक जागी अडतं: पट्टीत खडा, कचरा किंवा पोचा आहे.
- उघडलं की मागची बाजू खाली झुकते: मधला रोलर किंवा त्याचा हात झिजलाय.
- पुढचा कोपरा खाली घासतो, पायरीला लागतो: खालचा रोलर गेलाय.
- वरची फट मोठी, वारा शिट्टी मारतो, पाणी येतं: वरच्या हाताची सेटिंग हललीय, नाहीतर रबर बसलंय.
- पूर्ण जातं, पण लागत नाही किंवा परत सुटतं: लॉक आणि कडी जुळत नाहीत.
- उतारावर उघडं दार आपोआप सरकत येतं: दार उघडं धरणारा खटका झिजलाय. याला किरकोळ समजू नका, बोटं सापडतात.

साफसफाई, मग तेलपाणी

निम्मी दारं इथेच सुधारतात, असं आमचे मेस्त्री म्हणतात. जुना टूथब्रश घ्या आणि तिन्ही पट्ट्या कोरड्याच घासा. मग रॉकेलचं फडकं फिरवून जुनं काळं ग्रीस काढा आणि कोरडं पुसा. रॉकेल वापरताना शेगडी बंद, सिलेंडरचा नॉब बंद.

आता सगळ्यांची एक चूक. पट्टीत भरभरून ग्रीस थापायचं नाही. त्यावर धूळ बसते आणि ग्रीस-धुळीचा लगदा पॉलिश पेपरसारखा रोलर खातो. पट्टीत सिलिकॉन स्प्रेचा पातळ हात पुरे. ग्रीस द्यायचं ते लॉकच्या आत आणि हाताच्या सांध्यांना, तेही थोडं. गंज सोडवायचा स्प्रे गंज सोडवायलाच ठीक, तो फार टिकत नाही. दाराच्या रबराला ग्रीस लावू नका, रबर फुगतं. तिथेही सिलिकॉनच.

लॉक तपासायची युक्ती

दार उघडं असतानाच त्याच्या मागच्या कडेला लॉकचा आकडा दिसेल. स्क्रू ड्रायव्हरने तो दाबा. दोन खटके ऐकू आले पाहिजेत. पहिला म्हणजे अर्धवट बंद, दुसरा म्हणजे पक्कं बंद. आमचं दार घाटात पहिल्याच खटक्यावर लटकत होतं. बाहेरून बंद दिसत होतं, पण बंद नव्हतं.

नंतर हँडल ओढून आकडा मोकळा करायला विसरू नका. तो बंद असताना दार लावलं तर कडीवर आपटेल.

दोन्ही खटके नीट लागत असतील तर लॉक बरं आहे, कडीची जागा चुकलीय. बोल्ट सैल करण्याआधी कडीभोवती मार्करने रेघ मारा, म्हणजे मूळ जागा हरवत नाही. मग थोडंसं सरकवा, घट्ट करा, दार हळू लावून बघा. एका वेळी एकाच दिशेने. शेवटी दाराच्या फटीत वर्तमानपत्राची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे रबर पकडत नाहीये. चारी बाजूंनी करून बघा.

रोलर बदलायचा असेल तर एकट्याने नाही. दाराखाली जॅक, त्यावर लाकडी फळी आणि जाड फडकं, शिवाय दार धरायला दुसरा माणूस. एका वेळी एकच हात सोडायचा. तिन्ही सोडले तर दार पायावर येईल. पट्टीच वाकली असेल तर ते डेंटरचं काम, तिथे हातोडी काढू नका.

कॅम्पर केल्यामुळे होणारे घोटाळे

गाडी घर होते तेव्हा दाराचे नवे त्रास सुरू होतात. कपाटाचा स्क्रू हादऱ्यांनी बाहेर येऊन दाराच्या वाटेत उभा राहतो. प्लायची फरशी खालच्या पट्टीवर चढते. दारावर फोल्डिंग टेबल, शेल्फ, बाटल्यांची जाळी लावली की ते सगळं वजन त्याच जुन्या रोलरवर येतं. आणि गरम होऊ नये म्हणून दाराच्या पोकळीत फोम कोंबला, तर खालची पाणी निघायची भोकं बुजतात आणि दार आतून गंजतं.

त्या फोमचीच शेवटची गोष्ट. दार दुरुस्त झालं, आम्ही निघणार तेवढ्यात मेस्त्रींनी विचारलं, "आतून उघडतं का?" दादा म्हणाला, "नाही, चाइल्ड लॉक लावलंय." मेस्त्रींनी दाराच्या कडेचा छोटा खटका दाखवला. चाइल्ड लॉक बंदच होतं. डोअर पॅड उघडलं तर आमचाच फोम आतल्या हँडलच्या सळईवर दाबून बसलेला.

म्हणजे कित्येक रात्री आम्ही गॅसच्या शेगडीशेजारी झोपलो आणि सगळ्यात मोठं दार आतून उघडतच नव्हतं. वहिनी काही बोलल्या नाहीत. पोरीला उचलून कडेवर घेतलं, बस.

मेस्त्रींनी फोम कापला, सळई मोकळी केली. दहा मिनिटं लागली. तेव्हापासून आमच्या गाडीत एक नियम आहे: झोपायच्या आधी कुणीतरी एकाने दार आतून उघडायचं आणि परत लावायचं, दोन्ही खटके मोजून. हे काम आता पोरीकडे आहे, आम्ही शेजारी उभे राहतो. ती मोठ्याने मोजते, "एक... दोन!"

तुमच्या गाडीचं दार आज आतून उघडून बघा. भेटू पुढच्या भागात. तोवर सांभाळून फिरा!