पतंग गिरक्या घेतो? आधी दोष शोधा



संक्रांत जवळ आली की पोरांचे हात खळीने बरबटतात. दिवसभर खपून घरचा पतंग तयार होतो आणि वर जाताच एका अंगाला कलून मातीत नाक खुपसतो. मग पोर रडवेले होऊन विकतच्या पतंगासाठी पैसे मागते.

मागच्या वर्षी आमच्या घरीही हेच झाले. मी धाकट्याला सांगून मोकळा झालो, "शेपूट लाव, म्हणजे झाले!" शेपटीने गिरक्या थांबल्या, पण पतंग जड होऊन खालीच रेंगाळला, वळेना की पेच घेईना. पीक पिवळे का पडले हे न बघता युरिया टाकायला सांगावे, तसाच माझा सल्ला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे पडीक रानात बसलो आणि दोष शोधला. तीच पद्धत येथे देतो.

गुण कोणता, दोष कोणता?

आपला पतंग मुळात चंचल. दोरा सैल सोडला की तो सपाट होऊन फिरतो. दोरा खेचला की कमानीची दोन्ही टोके वाऱ्याने मागे वाकतात आणि पतंग नाकाच्या दिशेने सरळ धावतो. म्हणून ढील दिल्यावर फिरणे हा त्याचा गुण आहे. खेचल्यावरही फिरत राहिला, तर दोष समजावा.

१. वजन पाहा. मधल्या उभ्या कामटीची दोन टोके दोन बोटांत हलकेच धरून पतंग आडवा करा. जे पंख पुन्हा पुन्हा खाली झुकते ते जड. बहुधा तिकडे खळ जास्त लागलेली असते. हलक्या पंखाच्या टोकाला कागदाचा लहानसा तुकडा चिकटवा.

२. कमान पाहा. दोन्ही टोके सारख्याच जोराने मागे वाकवा. मऊ बाजू जास्त वाकते आणि पतंग तिकडेच वळतो. ताठ बाजू ब्लेडने, कागद न फाडता, अगदी थोडी तासा. मंद वाऱ्यातही पतंग कलत असेल तर वजनाचा संशय घ्या. वारा वाढल्यावरच कलत असेल तर कमानीचा.

३. कण्णी पाहा. पतंगाला वर आणि खाली बांधलेला दुहेरी दोरा, ज्याच्या गाठीला आपण मुख्य दोरा जोडतो, ती कण्णी. पतंग फार फिरत असेल किंवा वर चढत नसेल, तर गाठ नाकाकडे सरकवा. वळतच नसेल, तर शेपटाकडे. सरकवायची ती गव्हाच्या दाण्याच्या रुंदीएवढी, २-३ मिलिमीटर. त्याहून जास्त नको.

एका वेळी एकच बदल करा आणि पतंग उडवून पाहा. तीन बदल एकदम केले, तर कशाने गुण आला ते कळत नाही. शेपूट शेवटचा उपाय; लहान मुलांच्या पतंगाला किंवा सोसाट्याच्या वाऱ्यात ते जरूर लावावे.

आमच्या पतंगाच्या कमानीत डाव्या अंगाला बांबूची गाठ आली होती. ती बाजू ताठ, म्हणून पतंग उजवीकडे पडे. जरासे तासले आणि पतंग वर चढला. पुढच्या वेळी कामटी निवडताना पोराने गाठ बरोबर मध्यावर घेतली. हे मी त्याला सांगितले नव्हते.

एवढे मात्र पाळा

दोरा साधा सुती वापरा. नायलॉनच्या मांजाने माणसांचे गळे चिरतात, पाखरांचे पंख कापतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली आहे. विजेच्या तारांजवळ, विहिरीच्या काठी किंवा रस्त्यावर पतंग उडवू देऊ नका. तारेत अडकलेला पतंग काढायला मुलाला कधीही पाठवू नका. तो गेला असे समजा आणि दुसरा करायला बसा.

मायबापांनो, या संक्रांतीला अर्धा दिवस मुलांबरोबर रानात घालवा. पतंग पडला तर लगेच उपाय सांगू नका. "दोष कुठे असेल?" एवढेच विचारा.