तुरटपणाची पारख

पुणे–नाशिक रस्त्यावरील नारायणगावात शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाईन तयार केली आणि जुन्नरच्या द्राक्षपट्ट्याचा फ्रान्सशी संबंध जुळला. मात्र त्याच देशातील बरगंडी प्रांताची लाल वाईन हे प्रकरण निराळे आहे. ती प्रामुख्याने पिनो न्वार या काळ्या द्राक्षापासून होते, आणि त्याची साल पातळ असल्याने रंग व टॅनिन, म्हणजे साली-बियांतले तुरट द्रव्य, तिच्यात बेतानेच उतरते. त्यामुळे गडद रंगालाच कस समजणाऱ्याची येथे फसगत होते. हे द्राक्ष थंड हवेचे. जुन्नरकडे ऑक्टोबर छाटणीनंतरचे घड फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात पिकतात, साखर झपाट्याने चढते आणि आंबटपणा उतरतो, म्हणून पिनो न्वारची नजाकत येथे साधणे कठीण.

पारखीसाठी वाईन साधारण १५ अंश सेल्सिअसला, रुंद पोटाच्या व निमुळत्या तोंडाच्या ग्लासात थोडीच ओततात. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरला की कोवळ्या वाईनची कडा जांभळट, तर मुरलेलीची विटकरी दिसते. ग्लासच्या आतून ओघळणाऱ्या रेषांचे कौतुक उगाचच होते; त्या मुख्यतः अल्कोहोलचे प्रमाण सांगतात, दर्जा नव्हे. वास आधी ग्लास न हलवता आणि मग घोळवून घेतात: कोवळ्या वाईनला चेरी-रासबेरीचा (ती फळे अपरिचित असल्यास तुती आठवावी), मुरलेलीला ओल्या पाचोळ्याचा, अळंबीचा. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आल्यास तो बहुधा बुचाचा दोष.

खरी परीक्षा तोंडात होते, आणि तेथे मराठी वाचक मुळीच परका नाही, कारण षड्रसांतला ‘कषाय’, म्हणजेच तुरट, रस त्याच्या ओळखीचा आहे. टॅनिन लाळेतील प्रथिनांना धरून बसते, लाळेचा ओशटपणा जातो आणि अर्धकच्चे जांभूळ खाल्ल्यासारखी जिभेला मिठी बसते. उत्तम पिनो न्वारमध्ये हा तुरटपणा अंगावर येत नाही, वस्त्रगाळ पुडीसारखा बारीक जाणवतो, आणि आंबटपणाने सुटणारी लाळ त्याला लगेच सावरते. घोट संपल्यावर फळाची चव किती सेकंद रेंगाळते हे जाणकार मनातल्या मनात मोजतात. मागे नुसती आंबट धार किंवा अल्कोहोलची ऊब उरली, तर लेबलावरच्या गावाचे नाव कितीही मोठे असले तरी गुण कापले जातात.