बाळाच्या दारापर्यंत

'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. मूल पुढे कसे निपजणार हे त्याच्या बालपणीच कळून येते, असा तिचा अर्थ सांगतात. परंतु पाळण्यातले ते इवलेसे पाय पुढे बळकट होतील की नाही, हे केवळ त्या मुलावर अवलंबून नसते. त्याला वेळेवर आईचे दूध मिळाले का, थंडीत ऊब मिळाली का, आजारात औषध मिळाले का, आणि त्याच्याशी कोणी बोलले-खेळले का, या साऱ्यांवर ते अवलंबून असते. जन्माच्या वेळी बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे पाव हिश्शाएवढा असतो. दोन वर्षांत तो तीन-चतुर्थांशाएवढा होतो. पुढे आयुष्यात इतक्या वेगाने तो कधीच वाढत नाही. म्हणून ही पहिली वर्षे फार मोलाची.

चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर हे गाव १९४२ च्या स्वातंत्र्यलढ्यामुळे महाराष्ट्राला परिचित आहे. या तालुक्याला लागूनच ताडोबाचे अरण्य पसरलेले आहे. जंगलाच्या कडेने लहान लहान गावे वसली आहेत. उन्हाळा आला की मोहफुले वेचण्यासाठी आणि तेंदूची पाने तोडण्यासाठी माणसे पहाटेच रानात जातात. पावसाळा सुरू झाला की धानाच्या रोवणीसाठी स्त्रिया दिवसभर चिखलात उभ्या असतात. अशा वेळी घरातील लहान मुलाला कोण सांभाळणार? कधी म्हातारी आजी सांभाळते. पुष्कळदा आठ-दहा वर्षांची मोठी बहीण सांभाळते. भावंड कडेवर आले की तिच्या हातातील पाटी-पुस्तक सुटते. त्यातच मूल आजारी पडले, तर दवाखाना काही मैलांवर असतो आणि वाटेत पाण्याने भरलेला ओढा असतो.

मोठी माणसे अडचणीत सापडली म्हणजे मदतीसाठी दुसऱ्याच्या दारी जातात. तान्हे मूल मात्र कोठेही जाऊ शकत नाही. तेव्हा मदतीनेच त्याच्या दारी गेले पाहिजे. ही गोष्ट दिसते साधी. पण ती ओळखून प्रत्यक्षात आणणारी माणसे विरळा. अशांपैकी काहींचे कार्य आपण पाहू.

महाराष्ट्राच्या पश्चिम टोकाला समुद्राकाठी बोर्डी नावाचे गाव आहे. तेथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्रामीण भागातील मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. अनुताई वाघ या त्यांच्या सहकारी होत्या. त्यापूर्वी ताराबाईंनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे कार्य केले होते. बोर्डीस बालवाडी निघाली, परंतु दलित व आदिवासी वस्त्यांतील मुले तिकडे फिरकत ना. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्या वस्त्यांत नेली. कोणाच्या तरी घरासमोरचे अंगण झाडून घ्यावे, मुलांना गोळा करावे, त्यांचे हातपाय धुवावेत, नखे कापावीत, आणि मग गाणी, गोष्टी व खेळ सुरू करावेत, असा क्रम असे. महागडी खेळणी कोठून आणणार? शिंपले, बिया, खडे, पाने आणि काटक्या हेच तेथील शिक्षणाचे साहित्य झाले. अंगणात भरणारी म्हणून ती 'अंगणवाडी'. आज देशभर ज्या नावाने लहान मुलांची केंद्रे ओळखली जातात, त्या नावाचे मूळ असे एका अंगणात आहे.

पुढे १९५७ साली हे कार्य डहाणूजवळच्या कोसबाड येथील टेकडीवर गेले. तेथे आदिवासी मुलींच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात आली. धाकटे भावंड सांभाळावे लागते म्हणून मुली शाळेत येत नव्हत्या. मुलीला रागावून काय उपयोग? ती शाळेत यावी असे वाटत असेल, तर तिच्या कडेवरच्या भावंडाचीही सोय लावली पाहिजे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी चालवण्यात आली. तान्हे मूल पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि मोठी बहीण वर्गात. या योजनेस 'विकासवाडी' असे नाव देण्यात आले. लहान मुलाची नीट काळजी घेतली म्हणजे त्याच्याबरोबर आणखी एका मुलाचे आयुष्य सावरते, हे कोसबाडने दाखवून दिले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले. सहा वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि तान्ह्या मुलांच्या माता यांच्यासाठी ही योजना आहे. पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, लसीकरण, आरोग्यतपासणी, गरज पडल्यास रुग्णालयाकडे पाठवणे, आणि आहार व आरोग्याविषयी शिक्षण अशा सहा सेवा तिच्यात येतात. अंगणवाडीसेविका मुलांचे वजन करून ते एका तक्त्यावर नोंदवते. त्यावरील रेघ वर चढत असेल, तर मूल वाढत आहे. ती आडवी झाली किंवा खाली वळली, तर मूल डोळ्यांना बरे दिसत असले तरी त्याच्याकडे लक्ष दिले पाहिजे.

अंगणवाडी गावात आली, तरी नुकत्याच जन्मलेल्या बाळाला अंगणही दूरच असते. बाळ आणि बाळंतीण पहिले काही आठवडे घराबाहेर पडत नाहीत आणि सर्वांत अधिक धोका नेमका याच दिवसांत असतो. या प्रश्नाचे उत्तर चिमूरच्या शेजारच्या मुलखातच मिळाले. पूर्वीच्या चंद्रपूर जिल्ह्याचा काही भाग वेगळा काढून १९८२ साली गडचिरोली जिल्हा निर्माण करण्यात आला. तेथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने 'सर्च' ही संस्था स्थापन करून गावोगावच्या बालमृत्यूंचा अभ्यास केला. न्यूमोनिया हे लहान मुलांच्या मृत्यूचे एक मोठे कारण असल्याचे त्यांना आढळले. या आजारात बाळाचा श्वास जलद चालतो. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक झाले, तर ती धोक्याची खूण होय. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळासाठी हा आकडा पन्नास आहे.

पण गावातील पुष्कळ सुइणींना साठपर्यंत मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी मण्यांच्या दोन ओळी असलेले एक छोटेसे साधन तयार करण्यात आले. वरची ओळ अगदी लहान बाळासाठी; तिच्यात पाच हिरवे मणी आणि शेवटी एक लाल. खालची ओळ त्याहून मोठ्या बाळासाठी. तिच्यात चार हिरवे आणि एक लाल. जवळ एक मिनिटाची वाळूची घटिका ठेवायची आणि बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधीच लाल मणी सरकवावा लागला, तर समजावे, हा न्यूमोनिया असू शकतो. ज्या हातांना अक्षरओळख नव्हती, त्या हातांना रोग ओळखण्याची विद्या अशा रीतीने देण्यात आली.

त्यानंतर १९९३ ते १९९८ या काळात गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग झाला. गावातीलच थोडेफार शिकलेली एकेक स्त्री निवडून तिला शिक्षण देण्यात आले. तिला 'आरोग्यदूत' म्हणत. ती घरी जाऊन बाळाचे वजन करी, त्याला उबदार कसे ठेवावे व अंगावर कसे पाजावे हे आईला दाखवी, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास वेळेवर औषध देई. प्रयोगापूर्वी त्या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे ६२ बालके पहिल्या महिन्यातच दगावत. तिसऱ्या वर्षी हा आकडा सुमारे २५ वर आला. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगाचे लक्ष या अरण्यप्रदेशाकडे वळले.

डॉ. बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली महाराष्ट्रातील बालमृत्यूंविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्याचे नाव 'कोवळी पानगळ'. रानात राहणाऱ्याला या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शिशिरात पिकली पाने गळतात. तो सृष्टीचा नियम आहे. पण कोवळी पालवीच गळू लागली, तर झाडाला काहीतरी झाले आहे, असे आपण म्हणतो.

भारत सरकारने २०११ साली घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याची ही पद्धत देशभर स्वीकारली. गावातील 'आशा' स्वयंसेविका आज हे काम करतात. बाळ रुग्णालयात जन्मलेले असेल, तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा आणि घरी जन्मलेले असेल, तर पहिल्या दिवशीही, म्हणजे एकूण सात वेळा, त्यांनी घरी जावे असा नियम आहे. रुग्णालयाची गरज यामुळे संपत नाही; उलट कोणत्या बाळाला तेथे तातडीने नेले पाहिजे, हे वेळेवर कळते. २०१३ पासून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाखाली डॉक्टरांची पथकेही अंगणवाड्यांत येतात. एखादे मूल आवाजाकडे वळून पाहत नाही, वयानुसार बसत किंवा उभे राहत नाही, किंवा बोलण्यात फार मागे पडते, असे दिसले तर ते त्याला पुढील तपासणीसाठी पाठवतात. असा दोष लवकर ध्यानात आला, तर मुलाला अधिक मदत करता येते. त्यात लपवण्यासारखे किंवा लाजण्यासारखे काही नाही.

आता तुमच्याच घराकडे किंवा शेजारी पाहा. एखादे तान्हे बाळ तेथे असेल. त्याला हात धुऊन मगच घ्या. तो जो आवाज काढील, त्याला उत्तर द्या. त्या बोबड्या संवादातूनच भाषा उगवते. पहिले सहा महिने त्याला आईच्या दुधावाचून दुसरे काही लागत नाही, पाणीसुद्धा नाही, हे आठवण म्हणून घरी सांगा. ते दूध पीत नसेल, निपचित पडले असेल किंवा धापा टाकत असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता मोठ्यांना सांगा. आणि वर्गातील एखादी मैत्रीण भावंड सांभाळण्यासाठी घरी राहत असेल, तर ती गोष्ट गुरुजींच्या किंवा बाईंच्या कानावर घाला. बाळाला अंगणवाडीत जागा आहे, आणि तिची जागा वर्गात आहे.