भीतीचा खेळ, लेखांक ५ : कोपऱ्यापलीकडचा झोंबी

गेल्या आठवड्यात १९९२चा ‘अलोन इन द डार्क’ पाहिला. त्याची वाट पुढे नेत जपानच्या कॅपकॉमने २२ मार्च १९९६ रोजी प्लेस्टेशनवर ‘बायोहॅझार्ड’ आणला. दिग्दर्शक शिंजी मिकामी. जपानबाहेर हाच खेळ ‘रेसिडेंट ईव्हिल’ झाला. जवळपास तीस वर्षं उलटली, तरी त्याच्यावरून होणारा वाद मिटलेला नाही. यातला त्रास हे कसब मानायचं की नुसती गैरसोय?

टीकेचा पहिला रोख चालण्यावर असतो. पात्राचं तोंड कुठेही असो, वरचं बटण दाबलं की ते आपल्या नाकासमोर चालणार. डावं-उजवं दाबलं की जागच्या जागी वळणार. झोंबी अंगावर येतोय आणि आपण सावकाश गिरकी घेतोय! ‘टँक कंट्रोल’ म्हणून याची यथेच्छ टिंगल झाली. (आपल्याकडे असे खेळ बहुतेक नकली सीडीवर यायचे, सोबत माहितीपुस्तिका नाही. मग पहिला अर्धा तास भिंतीला डोकं आपटण्यात जायचा.)

पण हे चालणं कॅमेऱ्यापासून सुटं काढता येत नाही. खेळ जिथे घडतो ती एवढी नक्षीदार हवेली त्रिमितीत हलती ठेवणं त्या यंत्राला झेपणारं नव्हतं. म्हणून खोल्या म्हणजे आधीच तयार केलेली स्थिर चित्रं, त्रिमितीत फिरतात ती पात्रं. चार पावलं टाकली की चित्र बदलतं, कोन फिरतो. बटणाची दिशा पडद्याप्रमाणे ठरवली असती, तर प्रत्येक कोनबदलाला पात्र उलटं पळालं असतं. कॅमेऱ्याचं कौतुक करून चालण्याला नावं ठेवणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही.

आणि कॅमेऱ्याचं कौतुक व्हायलाच हवं. जुन्या नाशकातल्या वाड्यात भिंतीच्या पोटातला जिना ज्याने चढलाय, त्याला निराळं सांगायला नको. वरून पावलं वाजतात, पण माणूस वळण संपल्यावरच दिसतो. इथे जेवणघराच्या दारातून अरुंद बोळात जावं, कोपरा ओलांडावा, तर पाठमोरं कुणीतरी प्रेतावर ओणवं झालेलं. खेळ आपल्या हातातून बटणं काढून घेतो. ते डोकं हळूहळू खांद्यावरून मागे वळतं. नंतर कुठलंही वळण आलं की बोट आपोआप थबकतं.

वस्तूंच्या मर्यादेबद्दल मात्र माझं मत इतकं उदार नाही. खेळ जतन करायचा तर टाइपरायटर शोधा, त्यात शाईची रिबन घाला. रिबन मोजक्याच. हे उत्तम, कारण मरणाला किंमत येते. पण खेळायला मिळणाऱ्या दोन पात्रांपैकी जिलजवळ सामानाचे आठ कप्पे, ख्रिसजवळ सहा. जिलकडे कुलपं उघडायचं हत्यार आहे, ख्रिसने त्यासाठी छोट्या किल्ल्याही वागवायच्या. त्याला घेऊन खेळाल तर निम्मी रात्र सामानाच्या पेटीकडे हेलपाटे घालण्यात जाते. यात भीती कसली, ही हमाली.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. अमेरिकेत विकताना खेळ मुद्दाम अवघड केला गेला, आपोआप नेम धरण्याची सोय काढली. तिथे खेळ भाड्याने मिळत. दोन दिवसांत संपला तर विकत कोण घेणार? म्हणजे ‘कडक शिस्त’ म्हणून मिरवली जाते त्यातली काही निव्वळ दुकानदारी होती. संवादफेक तर इतकी लाकडी, की तिच्यावर हसणं हाच एक छंद झाला.

२००२मध्ये मिकामींनीच हा खेळ नव्याने घडवला. त्या आवृत्तीला २०१५मध्ये आधुनिक चालण्याचा पर्याय जोडला गेला आणि वादाचा निकाल लावायची संधी आली. तो वापरून पाहा. झोंबींना सहज हुलकावणी देता येते, कारण त्यांचा वेग आपल्या सावकाश वळण्याशी जुळवलेला होता. सोय झाली, पण दरारा उतरला.

२०२२चा ‘सिग्नॅलिस’ जर्मनीतल्या दोघांनी केला, याच घराण्यातला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, तक्रार केली ती सहा कप्प्यांची. खेळ आला तेव्हा त्यात विजेरीसुद्धा एक कप्पा अडवायची. तिथे मी तक्रारदारांच्या बाजूचा. अंधार दाखवायचा आणि उजेड हाती धरायचा दंडही घ्यायचा, हा जुन्या खेळाच्या खोडीचाच वारसा आहे, गुणाचा नव्हे.