मुठीतली माती आणि काठावरची नजर

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा बेचाळिसाच्या पुढे गेला की जिल्ह्यातल्या पाणी टिकून असलेल्या विहिरी पोरांनी भरून जातात. कुणी कठड्यावरून सूर मारतो, कुणी मुटका मारून आजूबाजूच्यांना भिजवतो. पोहणे अंगवळणी पडले की मग खरी पैज लागते ती दमाची. बुडी मारायची, तळ गाठायचा आणि तळाची माती मुठीत घेऊन वर यायचे. माती दाखवली की पैज जिंकली. या खेळाला जगात फ्रीडायव्हिंग म्हणतात. पाठीवर हवेची टाकी न घेता, एका श्वासावर पाण्याखाली जाण्याची ही विद्या. तिच्या स्पर्धा होतात, अभ्यासक्रम आहेत, आयडा ही आंतरराष्ट्रीय संघटना 1992 पासून काम करते आहे. समुद्र सोलापूरपासून सुमारे तीनशे किलोमीटर लांब असल्यामुळे हे सगळे परक्या मुलखातले वाटते. पण खेळ आपल्याकडे आहेच. त्याचे शास्त्र मात्र आपल्याकडे पोहोचलेले नाही. त्या शास्त्रातली सर्वांत मोलाची गोष्ट खोल कसे जावे ही नाहीच. दम कुठे संपतो हे दम धरणाऱ्याला स्वतःला कळत नाही, म्हणून त्याची सुरक्षितता त्याच्या छातीवर सोपवता येत नाही, ती काठावरच्या माणसाच्या हाती असावी लागते, ही ती गोष्ट.

हे पटायला आधी शरीराचा एक व्यवहार समजून घ्यावा लागतो. दम धरला की थोड्या वेळाने जीव कासावीस होतो आणि आपल्याला वाटते, प्राणवायू संपत आला. वास्तवात ती तगमग मुख्यतः रक्तात साठत चाललेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. श्वासाचा लगाम या वायूच्या हाती असतो, हे हाल्डेन आणि प्रीस्टली या शास्त्रज्ञांनी 1905 मध्ये दाखवून दिले. म्हणजे शरीरातली धोक्याची घंटा प्राणवायूच्या तुटवड्याला बांधलेली नाही, ती धुराला बांधलेली आहे. आता बुडीआधी पोरे काय करतात? जोरजोरात दहा-वीस श्वास घेतात आणि ‘छाती भरून’ उडी टाकतात. असे केल्याने रक्तातला प्राणवायू जवळजवळ वाढत नाही, कारण तो आधीच भरत आलेला असतो. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. परिणामी घंटा उशिरा वाजते, आणि तिच्याआधीच मेंदूला पुरेनासा होण्याइतका प्राणवायू खाली येतो. ‘आज दम जास्त टिकला’ असे वाटत असतानाच माणसाची शुद्ध हरपते. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ अल्बर्ट क्रेग यांनी 1961 मध्ये पाण्याखाली पोहताना बेशुद्ध झालेल्यांच्या घटना तपासून हीच साखळी मांडली. बुडीआधी घेतलेले जोराचे श्वास आणि नंतर कसलीही पूर्वसूचना न देता गेलेली शुद्ध, हे त्यांतले समान सूत्र होते.

इथे पाणी खोल असण्याचीही गरज नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या 1988 ते 2011 या काळातल्या नोंदी तपासल्या तेव्हा पाण्याखाली धोकादायक रीतीने दम धरल्यामुळे बुडाल्याच्या 16 घटना सापडल्या. त्यांत चौघांचा जीव गेला. 2011 मध्ये स्टेटन आयलंडवरच्या सार्वजनिक तलावात दम धरण्याचा सराव करणारे दोन तरुण दगावले, आणि तेही उथळ पाण्यात. बुडणारा माणूस गटांगळ्या खातो, हात मारतो, ओरडायचा प्रयत्न करतो, अशी आपली समजूत असते. दम धरून बेशुद्ध होणारा यातले काहीच करत नाही. तो शांत होतो, आणि वरून पाहणाऱ्याला वाटते, अजून बुडीतच आहे. विहिरीत याच्या जोडीला खोलीचा फास असतो. विहिरीची खोली आपल्याकडे परसात मोजतात; पाच-सहा परस पाणी म्हणजे साधारण दहा मीटर. तेवढ्या खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, छातीतली हवा निम्म्या जागेत दाबली जाते आणि तिच्यातला उरलासुरला प्राणवायू त्या दाबामुळे रक्ताला मिळत राहतो. म्हणून तळाशी बरे वाटते. वर येताना दाब उतरतो तसा तो आधारही निघून जातो. याच कारणाने शुद्ध बहुधा शेवटच्या काही मीटरांत, नाहीतर वर येऊन पहिला श्वास घेतल्यानंतरच्या काही क्षणांत जाते. मुठीत माती असते आणि कठडा हाताच्या अंतरावर असतो, नेमके तेव्हाच.

या संकटावर फ्रीडायव्हिंगने शोधलेला उपाय अगदी साधा आहे. पहिला नियम, एकट्याने कधीही नाही. दुसरा, एक खाली असेल तेव्हा दुसरा वर, आणि त्याचे लक्ष दुसरीकडे कुठेही नाही. खोल बुडी असेल तर वरचा साथीदार शेवटच्या टप्प्यात खाली उतरून येणाऱ्याला गाठतो आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहत सोबत वर येतो. वर आल्यावरही निदान तीस सेकंद नजर हलवायची नाही, कारण घेतलेल्या श्वासातला प्राणवायू मेंदूपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. बुडीआधी जोराचे श्वास वर्ज्य; शांत, नेहमीचे श्वास आणि मग एक पूर्ण श्वास. दोन बुड्यांमध्ये निदान बुडीच्या दुप्पट वेळ विश्रांती. स्पर्धेचा नियम तर मुळातून वाचण्यासारखा आहे. खेळाडू वर आल्यावर त्याला पंधरा सेकंदांत चेहऱ्यावरचे साहित्य काढून, हाताने खूण करून, ‘मी ठीक आहे’ असे म्हणावे लागते. ते जमले नाही तर तो शंभर मीटर खाली जाऊन आला असला तरी बुडी बाद. आपल्या पैजेत पुरावा मुठीतली माती असते. तिथे पुरावा शाबूत असलेली शुद्ध असते. दोन्हींतला सगळा फरक या एका नियमात आहे.

यावर कुणी म्हणेल की ही खबरदारी नवशिक्यांसाठी आहे, पट्टीच्या पोहणाऱ्याला तिची गरज काय? गरज त्यालाच अधिक आहे. नवशिका तगमग सुरू झाली की घाबरून वर येतो. मुरलेला माणूस ती तगमग गिळायला शिकलेला असतो, म्हणून तो कडेलोटाच्या जास्त जवळ जातो. रशियाच्या नतालिया मोल्चानोवा यांच्या नावावर 41 विश्वविक्रम होते. ऑगस्ट 2015 मध्ये स्पेनच्या फोर्मेंतेरा बेटाजवळ, स्पर्धेबाहेरच्या साध्या बुडीत, त्या दिसेनाशा झाल्या त्या कायमच्या. याउलट स्पर्धांमध्ये खेळाडू बेशुद्ध होण्याचे प्रसंग वारंवार येतात, आणि बचावाचे पाणबुडे हाताशी असल्यामुळे ते काही सेकंदांत सावरतात. नियमांनी धोका संपतो असे मात्र नाही. 2013 मध्ये बहामात निकोलस मेव्होली या खेळाडूचा स्पर्धेतच फुप्फुसाला इजा होऊन मृत्यू झाला. साथीदार बेशुद्ध माणसाला वर काढू शकतो, दाबाने झालेली इजा भरून काढू शकत नाही. म्हणूनच खोली हळूहळू, जाणकार शिक्षकाच्या देखरेखीखालीच वाढवायची असते.

दुसरा आक्षेप जास्त आपुलकीचा आहे. आमचे आजे-पणजे विहिरीतच शिकले, त्यांना कुठला अभ्यासक्रम होता? प्रश्न रास्त आहे, पण तो विचारताना जुन्या पद्धतीचा अर्धा भाग आपण विसरतो. पाठीला कोरडा भोपळा, पांगाऱ्याचा ओंडका किंवा पत्र्याचा हवाबंद डबा बांधून पोर पाण्यात सोडले जाई, कमरेच्या दोराचे टोक काठावरच्या काका-मामाच्या हातात असे आणि एखादा जाणता पाण्यात असे. तो अभ्यासक्रमच होता, फक्त छापलेला नव्हता. आज गावातली मोठी माणसे दिवसभर कामावर असतात आणि सुट्टीत शहरातून आलेली पोरे आपापसांत विहिरीवर जातात. डबा आणि दोर गेले, पैज तेवढी उरली. शिवाय जुन्या गोष्टी आपल्याला सांगतात ते वर आलेले लोक. जे वर आले नाहीत त्यांचा अनुभव कुणी सांगत नाही. तेव्हा फ्रीडायव्हिंगचा साथीदार हे बाहेरून आलेले खूळ नव्हे. आपल्याच काठावरच्या माणसाला दिलेली ती शास्त्राची जोड आहे.

तिसरा आक्षेप प्राणायामाचा. रोज कुंभक करणाऱ्याला पाण्यात काय भीती, असे अनेकांना मनापासून वाटते. प्राणायामाने मन स्थिर होते, श्वासावर ताबा येतो, आणि फ्रीडायव्हर स्वतःही त्याचा आधार घेतात. पण सतरंजीवर भोवळ आली तर शरीर आपोआप श्वास सुरू करते आणि माणूस शुद्धीवर येतो. पाण्यात तोच आपोआप आलेला श्वास पाणी आत ओढतो. भस्त्रिका किंवा कपालभाती करून लगेच बुडी मारणे तर थेट धोक्याचे, कारण वेगाने श्वास सोडून कार्बन डायऑक्साइड उडवून देण्याचाच तो प्रकार ठरतो. दमाची साधना जमिनीवर खुशाल करावी. पाण्यात तिला राखण हवी.

मग बंदी घालावी का? विहिरीवर पाटी लावून उन्हाळा थांबत नाही, आणि पाण्याची भीती घातल्याने पोहता न येणारी पिढी तयार होते, जी भीमा-सीनेच्या डोहात किंवा उजनीच्या फुगवट्यात पाय घसरला तरी दगावते. जगात 2021 या एका वर्षात सुमारे तीन लाख माणसे बुडून गेली, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उपाय शिकवण्यातच आहे. मात्र काय कुठे शिकायचे याचा विवेक हवा. खोल बुडीचा सराव विहिरीत नको: पाणी गढूळ, तळाशी गाळ, मोटारीचे पाइप, तारा आणि चढायला पायऱ्या असतीलच असे नाही. कानातला दाब जुळवण्याचे तंत्र न शिकता खाली जाणाऱ्याचा पडदा काही मीटरांवरही फाटू शकतो. खोलीची आवड असणाऱ्याने वयाची अट पूर्ण करून प्रमाणित शिक्षकाकडे, स्वच्छ आणि मोकळ्या पाण्यात जावे.

पण या विद्येचा अर्धा, आणि अधिक उपयोगी, भाग सोलापुरातच शिकता येतो. मार्कंडेय जलतरण तलावासारख्या ठिकाणी पोहण्याच्या वर्गातले दोन तास त्यासाठी पुरेत. पोहण्याआधी जोराचे श्वास का घेऊ नयेत. दमाच्या पैजा का लावू नयेत. बुडी मारणाऱ्यावर एकाने नजर कशी ठेवावी. बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्याबाहेर धरून, चेहऱ्यावर फुंकर मारून, गालावर थापटून, नावाने हाक कशी द्यावी. श्वास सुरू झाला नाही तर तोंडाने श्वास देऊन छाती दाबायला कशी सुरुवात करावी आणि 108 ला फोन कुणी करावा. आणि गटांगळ्या खाणाऱ्यासाठी, स्वतः उडी टाकण्याआधी दोर, बांबू किंवा रिकामा कॅन फेकण्याची सवय, कारण एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. यातल्या कशालाही महागडे साहित्य लागत नाही. लागते ती पैज बदलण्याची तयारी. माती घेऊन आला त्याचे कौतुक झाले. आता तो वर येईपर्यंत आणि आल्यावर आणखी अर्धा मिनिट ज्याची नजर पाण्यावरून हलली नाही, त्याचेही तेवढेच कौतुक विहिरीच्या कठड्यावर व्हायला हवे.