पत्ता बदलतो, नाव टिकते

दहावीच्या निकालाच्या दिवशी लाखो विद्यार्थी एकाच वेळी एकाच संकेतस्थळाचे नाव टाइप करतात. एवढ्या मागण्यांना एक संगणक पुरा पडणार नाही, हे उघड आहे. अशा वेळी एकाच प्रोग्रॅमच्या अनेक प्रती अनेक संगणकांवर चालवतात. मग बाहेरून आलेली मागणी नेमक्या कोणत्या प्रतीकडे जायची, हे कोण ठरवते?

अशी कामे आज पुष्कळदा ‘कंटेनर’मध्ये चालतात. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारी सारी सामग्री एका गाठोड्यात बांधली, की ते गाठोडे समूहातील कोणत्याही संगणकावर उघडता येते. संगणकांच्या अशा समूहाला क्लस्टर म्हणतात. त्यावरील शेकडो गाठोडी सांभाळणारी एक प्रणाली म्हणजे कुबरनेटिस. ती गूगलने २०१४ मध्ये सर्वांसाठी खुली केली. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ ‘सुकाणूधारी’.

‘निकालाच्या पाच प्रती चालू ठेव’ एवढेच आपण कुबरनेटिसला सांगायचे. एक बंद पडली, की ते दुसरी सुरू करते, कदाचित वेगळ्याच संगणकावर. प्रत्येक प्रत ज्या कप्प्यात राहते त्याला ‘पॉड’ म्हणतात. पॉडला स्वतःचा पत्ता असतो, उदाहरणार्थ १०.२४४.१.७. येथे दोन अडचणी येतात. नव्या पॉडचा पत्ता नवा असतो, ही पहिली. दुसरी अशी, की १० ने सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. इंटरनेटवरून थेट तेथे पोचता येत नाही.

आतली व्यवस्था

समजा, एका शाळेत सातवीचा वर्ग रोज वेगळ्या खोलीत भरतो. पालकांना खोलीचा क्रमांक सांगून उपयोग नाही. त्यांनी ‘सातवी’ म्हणायचे आणि कार्यालयाने आजच्या खोल्यांचा तक्ता ठेवायचा, हेच सोयीचे. कुबरनेटिसमध्ये हे काम ‘सर्व्हिस’ करते. प्रत्येक पॉडवर एक चिठ्ठी असते. ‘निकाल’ अशी चिठ्ठी असलेल्या, कामाला तयार पॉडची यादी सतत ताजी ठेवली जाते. सर्व्हिसला मात्र एक कायम नाव आणि एक कायम पत्ता मिळतो. गंमत म्हणजे त्या पत्त्यावर सहसा कोणतेही यंत्र नसते! प्रत्येक संगणकावरील नियम त्या पत्त्याकडे निघालेला संदेश वाटेतच पकडतात आणि त्यावर एका खऱ्या पॉडचा पत्ता घालतात.

बाहेरचे दार

हे सारे झाले क्लस्टरच्या आत. बाहेरच्यासाठी एक साधा मार्ग म्हणजे प्रत्येक संगणकावर एक क्रमांकित खिडकी, म्हणजे पोर्ट, उघडणे. कुबरनेटिस त्यासाठी एरवी ३०००० ते ३२७६७ हे क्रमांक वापरते. पण संकेतस्थळाच्या नावापुढे असा आकडा लिहायला कोण लक्षात ठेवणार? दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक सर्व्हिसला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देणे. मात्र जुन्या पद्धतीचे पत्ते ३२ बिटांचे असल्याने जगभरात मिळून ते सुमारे ४२९ कोटीच होतात. ते जपूनच वापरावे लागतात.

तिसरा मार्ग मागणी वाचण्याचा आहे. ब्राउझर जी मागणी पाठवतो तीत कोणते संकेतस्थळ हवे आणि त्यातील कोणते पान हवे, हे दोन्ही लिहिलेले असते. संकेतस्थळाचे नाव लिहिणे १९९७ च्या एचटीटीपी १.१ या संकेतप्रणालीने सक्तीचे केले. त्यामुळे एकाच पत्त्यावर अनेक संकेतस्थळे नांदू शकतात. कुबरनेटिसमधील ‘इन्ग्रेस’ याचाच उपयोग करतो. इन्ग्रेस म्हणजे नियमांची यादी : ‘परीक्षा.उदाहरण/निकाल’ आले तर निकालाच्या सर्व्हिसकडे, ‘परीक्षा.उदाहरण/वेळापत्रक’ आले तर वेळापत्रकाच्या सर्व्हिसकडे. यादी वाचून मागणी पुढे धाडणारा प्रोग्रॅम वेगळा असतो. त्याला ‘कंट्रोलर’ म्हणतात. नवशिके येथे हमखास अडखळतात. यादी फाटकावर टांगली, पण शिपाईच नेमला नाही, तर काहीच घडत नाही.

किल्ल्या कोणाकडे?

आज बहुतेक मागण्या कूटबद्ध होऊन, म्हणजे बंद लिफाफ्यातून येतात. कोणते पान हवे ते लिफाफ्याच्या आत असते. ते वाचायचे तर शिपायाकडे लिफाफा उघडण्याची किल्ली हवी. म्हणूनच सगळ्या संकेतस्थळांच्या किल्ल्या पुष्कळदा एकाच कंट्रोलरकडे जमतात. याचा धोका मार्च २०२५ मध्ये दिसला. ‘इन्ग्रेस-एनजिनेक्स’ या फार प्रचलित कंट्रोलरमध्ये काही गंभीर दोष उघड झाले. त्यांतील सर्वांत मोठ्याची तीव्रता १० पैकी ९.८ ठरवली गेली. क्लस्टरच्या अंतर्गत जाळ्यात शिरलेल्या कोणालाही, ओळख न पटवता, कंट्रोलरकडून हवे ते करून घेता येई. नेहमीच्या मांडणीत कंट्रोलरला साऱ्या क्लस्टरमधील गुप्त किल्ल्या वाचण्याची मुभा असे. त्यामुळे त्या सगळ्याच धोक्यात आल्या. दुरुस्त आवृत्त्या लगेच निघाल्या. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये या कंट्रोलरची देखभाल मार्च २०२६ पर्यंतच होईल, असे जाहीर झाले.

दार उघडण्याचा अधिकार आणि दारामागचे नियम लिहिण्याचा अधिकार वेगवेगळ्या हातांत असावेत, या विचाराने ‘गेटवे’ नावाची नवी रचना आखली गेली. तिची पहिली पक्की आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. तिच्यातही मूळ प्रश्न सुटत नाही. बाहेर काय दाखवायचे आणि किल्ली कोणाला द्यायची, हे माणसालाच ठरवावे लागते.

हे वर्गात करून पाहता येईल. चार मुलांना ‘निकाल’ आणि दोघांना ‘वेळापत्रक’ अशा चिठ्ठ्या लावा, एकाला दारात शिपाई नेमा आणि बाकीच्यांनी मागण्या आणाव्यात. मध्येच ‘निकाल’वाल्या एकाला उठवून त्याच्या जागी दुसरा बसवा, पण दुसऱ्याच बाकावर. बाहेरच्यांना बदल कळला का? मग शिपायालाच उठवा, आणि काय होते ते मुलांनाच सांगू द्या.